यान स्टेनच्या घरचं बारसं: ही चित्रं हसवतात की कान पिळतात?

कालवाकाठची

गेल्या रविवारी आईला हेगच्या मौरित्सहाउसला घेऊन गेले होते. आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली आहे. संग्रहालयात फार वेळ उभं राहिलं की तिचे पाय दुखतात, म्हणून ठरवलं होतं की व्हर्मीरचं ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ हे चित्र बघायचं, खाली कॉफी प्यायची आणि घरी यायचं.

पण शेजारच्याच एका दालनात आई मोठ्या चित्रासमोर थांबली ती हलेनाच. यान स्टेनचं चित्र. १३४ बाय १६३ सेंटीमीटर, १६६८ ते १६७० च्या दरम्यानचं. टेबलाभोवती अख्खं घर जमलंय. म्हातारी कागद हातात धरून गातेय. एक बाई आरामात रेलून पेला पुढे करतेय आणि नोकर उंचावरून वाइनची धार सोडतोय. एकीच्या मांडीवर बाळ आहे. पलीकडे कोणी मोठ्या पिशवीचं बॅगपाइप फुंकतंय, दांडीवर पोपट बसलाय, आणि एक माणूस तोंडभर हसत एका पोराला मातीची चिलीम ओढायला शिकवतोय.

आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे बारसं आहे."

मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, "दिसतंयच की."

मग मी पाटी वाचली. टेबलाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जी विचित्र टोपी आहे, ती तेव्हा नुकतंच मूल झालेला बाप घालायचा. म्हणजे ही नामकरणाची मेजवानी असावी! माझ्या अंगावर काटाच आला.

पुढे पाटीवर असं होतं की हे चित्र आईबापांना इशारा आहे: मुलांसमोर नीट वागा, तुमचं बघूनच ती शिकतात. चित्राचं नावच मुळी एक डच म्हण आहे. हसत चिलीम देणारा माणूस म्हणजे खुद्द चित्रकार यान स्टेन. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ओरडतोय कुठे तो? तो तर हसतोय."

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. डच चित्रकारांनी सतराव्या शतकात अशी मैफली, मेजवान्या, जत्रा आणि दारूच्या गुत्त्यांची चित्रं ढिगानं काढली. ही चित्रं बघणाऱ्यानं हसायचं, की ओशाळायचं? तुमच्यापैकी कोणी ही चित्रं बघितली असतील, अभ्यासली असतील, तर सांगा.


सांजवेळ

"अगं, हे बारसं आहे." इथेच धागा जिंकलात! वाचतेय.


चहाबाज

चित्राचा दुवा सापडला, मोठं करून बघितलं. उजवीकडच्या पोराचे गाल बघा, पहिला झुरका घेतानाचे. आमच्या वाड्याच्या जिन्याखाली हाच प्रसंग घडला होता, फक्त शिकवायला बाप नव्हता, मोठा चुलतभाऊ होता.


कुंचला

सत्तावीस वर्षं कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवला, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट. सतराव्या शतकातल्या डच लोकांकडे या सगळ्या चित्रांना मिळून एक नाव नव्हतं. माणूस गेला की त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी व्हायची, तिच्यात कारकून सरळ लिहायचा: ‘खेझेलस्खाप’, म्हणजे जमलेली मंडळी. ‘बाउटनपार्टाय’, म्हणजे बागेतली मेजवानी. ‘केर्मिस’, म्हणजे जत्रा. ‘बोर्डेलत्ये’, म्हणजे कुंटणखान्याचं चित्र. ‘जॉनर चित्र’, म्हणजे रोजच्या जगण्यातल्या प्रसंगांचं चित्र, हे लेबल फार नंतरचं. नावं अशी वेगवेगळी होती याचा अर्थ घेणाऱ्याला नेमकं काय हवंय ते ठाऊक असायचं.

हार्लेममध्ये या प्रकाराला बहर आला तो १६१० नंतर. विलेम बाउटेवेख हा त्यातला एक पहिला. त्याला लोक ‘गमत्या विलेम’ म्हणायचे. तिशी ओलांडली तोच, १६२४ साली वारला. त्याची रंगवलेली चित्रं जेमतेम दहाएक राहिलीत, पण पुढच्यांना वाट दिसली: टेबल, लेसच्या कॉलरवाले छानछोकी तरुण, वाद्यं, वाइन, भिंतीवर नकाशा. मग हार्लेमचा नामांकित चित्रकार फ्रान्स हाल्स याचा धाकटा भाऊ डिर्क हाल्स यानं तर आयुष्यभर अशा मैफलीच काढल्या. त्याच काळात उट्रेख्टमध्ये खेरार्ट फान होंटहोर्स्ट मेणबत्तीच्या उजेडात हसणारी माणसं काढत होता. इटलीत असताना त्याचं नावच ‘रात्रींचा खेरार्दो’ पडलं होतं.

आता मूळ प्रश्न. १९७६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये या चित्रांचं एक मोठं प्रदर्शन झालं. त्यामागे एडी दे योंग हे अभ्यासक होते. त्यांचं म्हणणं असं की या चित्रांत उपदेश दडलेला आहे, आणि त्याची किल्ली त्या काळच्या बोधचित्रांच्या पुस्तकांत मिळते. त्या पुस्तकांत पानावर एक चित्र, खाली म्हण आणि मग चार ओळींचं प्रवचन असायचं. याकोब काट्सची अशी पुस्तकं तेव्हा घरोघरी होती. उलट बाजूनं १९८३ मध्ये स्वेतलाना अॅल्पर्स यांनी मांडलं की डच चित्रकार मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या जगाचं वर्णन करत होते, प्रत्येक शिंपल्याखाली धडा शोधू नका.

माझा कल पहिल्या बाजूला आहे, आणि त्याचं कारण स्टेनच आहे. व्हिएन्नामध्ये त्याचं १६६३ चं एक चित्र आहे. घरची बाई टेबलाशी डोकं टेकून झोपली आहे, आणि घर मोकाट सुटलंय. कुत्रा टेबलावर चढून पाय खातोय (पाय म्हणजे मांसाची भाजलेली कचोरी), एक पोर चिलीम ओढतंय, दुसरं कपाटातून काहीतरी लांबवतंय, धाकटं मोत्यांशी खेळतंय. माकड घड्याळाच्या वजनांशी झोंबतंय. डुक्कर घरात शिरून गुलाबाचं फूल हुंगतंय, कारण डच म्हणीत डुकरापुढे गुलाब टाकू नये म्हणतात. आपण म्हणतो ना, गाढवाला गुळाची चव काय, तसं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर छताला एक टोपली टांगली आहे. तिच्यात कुबडी, छडी आणि महारोगी रस्त्यानं जाताना वाजवायचे ती खुळखुळी. पुढे काय वाढून ठेवलंय ते अक्षरशः डोक्यावर लटकतंय, आणि वर कोणी बघत नाही. खाली कोपऱ्यातल्या पाटीवर म्हण लिहिली आहे: ‘सुखात असाल तेव्हा जपा.’ यापेक्षा स्पष्ट उपदेश कसा करायचा?


तात्या_सोलापूर

कुंचलाकाका, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पण असहमत.

तुम्ही सांगितलेल्या चित्रात मधोमध बसलेली ती बाई बघा. लाल मोजे घातलेल्या माणसाचा पाय तिच्या मांडीवर आहे, हातात पेला आहे आणि ती सरळ आपल्याकडे बघतेय. ती घाबरलेली नाही. ‘या, बसा’ असंच म्हणतेय. टोपलीपेक्षा माझी नजर तिच्याकडे आधी गेली, आणि ती तिकडे जावी म्हणून चित्रकारानं भरपूर मेहनत घेतली आहे. रेशमाची चमक बघा त्या कपड्यांवरची.

मी साधा हिशोबी माणूस. मला सांगा, पदरचे पैसे मोडून दिवाणखान्यात कोण स्वतःला रागावणारं चित्र लावेल? प्रवचन हवं असेल तर चर्चमध्ये फुकट मिळत होतं. कालवाकाठचीच्या आईंचं बरोबर आहे. तो हसतोय.


केतकी

तात्या, "कोण लावेल" याचं उत्तर एका चित्राच्या हकिकतीत मिळतं. म्हणजे तुमच्या बाजूनं पुरावा देतेय, आणि विरोधातही.

यूदित लायस्टर ही हार्लेमची चित्रकार, जन्म १६०९. १६३३ मध्ये चित्रकारांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघात, रीतसर सभासद झाली. बाईला हे मिळणं तेव्हा फार दुर्मिळ होतं. तिचं एक चित्र फिलाडेल्फियात आहे: रात्रीची वेळ, दोन तरुण, एक सुरई तोंडाला लावून शेवटचा थेंब संपवतोय. वर्षानुवर्षं ते असंच, दोन मजेत असलेल्या पोरांचं चित्र म्हणून बघितलं गेलं. मग साफसफाई करताना कळलं की दोघांच्या मध्ये एक सांगाडा उभा होता! हातात वाळूचं घड्याळ आणि कवटी घेतलेला. मधल्या काळात कोणीतरी त्याच्यावर रंग फासून त्याला पुसून टाकलं होतं, बहुधा चित्र खपावं म्हणून. आता तो पुन्हा दिसतो.

म्हणजे तात्या, लोकांना दिवाणखान्यात रागावणारं चित्र नको होतं हे खरंच. पण चित्रकर्तीनं ते रागावूनच काढलं होतं हेही खरं.

या बाईबद्दल अजून सांगायचंय. लूव्रमध्ये तिचं १६३० चं एक चित्र आहे, एक जोडपं हसत पितंय आणि पुरुष व्हायोलिन वाजवतोय. ते फ्रान्स हाल्सचं म्हणून विकलं गेलं. सौदा कोर्टात गेला. तेव्हा, १८९३ मध्ये, होफस्टेडे दे ख्रोट या अभ्यासकानं दाखवून दिलं की हाल्सच्या खोट्या सहीखाली तिची खूण आहे: नावाची आद्याक्षरं आणि त्यांना जोडून एक चांदणी. लायस्टर म्हणजे ध्रुवतारा, म्हणून ती चांदणी. दोनशे वर्षं तिची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर होती. आणि कोर्टात काय वाद झाला, तर चित्राची किंमत आता कमी झाली, पैसे परत द्या. चित्र तेच, रंग तेच, हसू तेच. हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती.

कालवाकाठची, मौरित्सहाउसमध्येच तिचं १६३१ चं एक छोटं चित्र आहे. बाई दिव्याशी शिवत बसलीय आणि एक माणूस तळहातावर नाणी धरून वाकून विचारतोय. ती मान वर करत नाही. आईंना घेऊन पुन्हा गेलात तर ते नक्की बघा. याच शहरांतले पुरुष असे प्रसंग काढायचे तेव्हा त्यातली बाई हसून पेला पुढे करायची.


चहाबाज

केतकीताई, सांगाडा पुसला हे वाचून सुन्न. वाढदिवसाच्या फोटोतून आजोबांना कापून टाकल्यासारखं आहे हे.


हार्लेमवासी

हार्लेमचं नाव निघालं आणि मी गप्प बसू? नऊ वर्षं इथे राहतोय, फ्रान्स हाल्सचं संग्रहालय सायकलनं सहा मिनिटांवर.

तिथे त्यानं काढलेल्या नगररक्षक दलाच्या मेजवान्या आहेत. सगळ्यात जुनी १६१६ ची. भले थोरले पट्टे, मांस कापायच्या तयारीत असलेला सुरी हातातला माणूस, आणि आपण दार उघडून आत गेलो की सगळ्यांनी वळून बघावं तसे बघणारे चेहरे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खरंच ‘सॉरी’ म्हणून मागे सरकलो होतो.

तर या दलाच्या मेजवान्या आठवडाभर चालायच्या, खर्च शहराच्या तिजोरीतून. शेवटी १६२१ मध्ये नगरपालिकेनं हुकूम काढला की मेजवानी तीन, फार तर चार दिवसांत उरकावी. आणि या चार दिवसांतच पिंपं रिकामी करणंही धरावं!

म्हणून मला वाटतं, उपदेश की मजा हा वाद आपण आज घालतोय, पण त्या माणसांच्या रोजच्या जगण्यात दोन्ही एकाच टेबलावर होतं. तेच लोक सकाळी चर्चमध्ये नाचाविरुद्धचं प्रवचन ऐकायचे आणि संध्याकाळी केर्मिसला जायचे.


विदर्भवीर

चार दिवसांत उरकावी 😄 आमच्याकडच्या लग्नांना हा हुकूम लावायला हवा.


मीनाक्षी_कुल

तात्यांचा "कोण लावेल" हा प्रश्न पकडून एक भर. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६४० मध्ये अॅमस्टरडॅमला होता. त्यानं लिहून ठेवलंय की इथे घरोघरी चित्रं आहेत, खाटीक आणि बेकरीवाले दुकानात लावतात, लोहाराच्या भट्टीपाशी आणि चांभाराच्या ठेल्यावरसुद्धा एखादं चित्र असतं. म्हणजे ही चित्रं राजवाड्यासाठी किंवा चर्चसाठी काढलेली नव्हतीच. चित्रकार आधी काढायचा आणि मग बाजारात, जत्रेत विकायचा. गिऱ्हाईक कोण हे माहीत नसताना.

हाच मंडी त्याआधी, १६२८ पासून, आपल्याकडे होता. सुरत, आग्रा, पाटणा असा फिरला होता. त्यामुळे त्याला चित्रांच्या संख्येचं जे नवल वाटलं ते बरंच जग बघितलेल्या माणसाचं नवल आहे.


वेंगुर्लेकर

माझं गाव वेंगुर्ला. आमच्याकडे डच वखार आहे, आता पडकी, भिंतींतून झाडं उगवलेली. लहानपणी तिथे क्रिकेटचा चेंडू गेला की आणायला कोण जाणार यावरून भांडणं व्हायची. डचांनी ती १६३७ साली बांधायला घेतली, गोव्याच्या पोर्तुगीजांना समुद्रातून कोंडीत पकडायला.

आज हा धागा वाचताना तारखा जुळवून बघितल्या. डिर्क हाल्स हार्लेममध्ये मैफली रंगवत होता, यूदित लायस्टरचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि त्याच वर्षी त्यांच्या देशातली माणसं आमच्या खाडीशी वखार उभारत होती. शाळेत आम्हाला वखारीबद्दल दोन ओळी होत्या: व्यापारासाठी आले, निघून गेले. ती माणसं घरी कशी बसायची, कशाला हसायची, हे आज पहिल्यांदा दिसलं. या सुट्टीत वखारीत गेलो तर वेगळ्या डोळ्यांनी बघेन.


दर्यावर्दी

वेंगुर्लेकरांनी दार उघडलंच आहे तर नको असलेला प्रश्न विचारतो. या सगळ्या हसण्याचा खर्च कोणी उचलला?

चित्रातली तंबाखू अटलांटिकपलीकडून येत होती. पोपट काही लायडनच्या झाडावर जन्मला नव्हता. आणि मौरित्सहाउस, जिथे हे चित्र आज टांगलंय, ते घर योहान मौरित्सनं बांधून घेतलं. तो ब्राझीलमधल्या डच वसाहतीचा गव्हर्नर होता, उसाच्या मळ्यांचा आणि आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या व्यापाराचा कारभार बघणारा. २०१९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या शहर संग्रहालयानं सतराव्या शतकाला ‘सुवर्णयुग’ म्हणणं बंद केलं, ते याच कारणानं.

चित्र बघू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः तासन्‌तास बघतो. पण पाहुण्यांची यादी वाचताना जे टेबलाशी नाहीत त्यांचीही आठवण असावी.


तात्या_सोलापूर

दर्यावर्दी, तुमच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पोपट मी नुसती गंमत म्हणून बघितला होता. आता तसा दिसणार नाही.


कुंचला

पोपटाचं अजून एक काम आहे त्या चित्रात. तो ऐकलेलं परत बोलतो. म्हणीचाच अर्थ तो दांडीवर बसून सांगतोय. दर्यावर्दी म्हणतात तेही खरं, आणि हेही.

तात्या, तुमच्या "तो हसतोय" बद्दल. स्टेनबद्दलचा एक गैरसमज इथे दूर करतो, कारण त्यावरूनच लोक त्याला हलक्यात घेतात. अर्नोल्ड हौब्राकेननं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकारांची चरित्रं लिहिली, त्यात स्टेनची चित्रं आणि त्याचं जगणं एकच, असं रंगवलं. दारुडा, उधळ्या, घरात गोंधळ. ते चिकटलं. डच भाषेत आजही पसारा पडलेल्या घराला ‘यान स्टेनचं घर’ म्हणतात.

खरं काय आहे? तो लायडनच्या बिअर बनवणाऱ्याचा मुलगा. १६४६ मध्ये तिथल्या विद्यापीठात नाव घातलं होतं. १६४८ मध्ये लायडनच्या चित्रकार श्रेणीच्या स्थापनेत होता. १६४९ मध्ये निसर्गचित्रकार यान फान खोयेनच्या मुलीशी, मार्खरीटशी लग्न. डेल्फ्टमध्ये बिअरचा कारखाना चालवून बघितला, तो चालला नाही. आणि १६७२ मध्ये, फ्रेंचांनी देशावर स्वारी केली, चित्रांचा बाजार पार बसला, तेव्हा त्यानं लायडनमध्ये खानावळीचा परवाना काढला. १६७९ मध्ये गेला. एवढ्यात त्यानं काहीशे चित्रं काढली, त्यात बायबलमधली आहेत, एवढीशी शिंपले खाणारी मुलगी आहे. रोज झिंगलेल्या माणसाच्या हातून रेशमाची घडी अशी उतरत नाही.

म्हणून तो चित्रात स्वतःला हसताना काढतो ते कबुलीजबाब म्हणून नव्हे. तो भूमिका करतोय.


चहाबाज

म्हणजे सोंगाड्या!


कुंचला

चहाबाज, नेमका शब्द. तमाशात सोंगाड्या राजाच्याही कानात बोट घालतो आणि प्रेक्षकाकडे बघून डोळा मारतो. तो खेळाच्या आत असतो आणि बाहेरही. हार्लेममध्ये हाल्सनं १६१६ च्या आसपास शिमग्यासारख्या सणाचं चित्र काढलंय, त्यात हान्स वुर्स्ट आणि पेकलहारिंग ही तिथल्या नाटकातली दोन सोंगं आहेत. एकाच्या टोपीला सॉसेज, दुसऱ्याच्या गळ्यात खारवलेले मासे आणि अंडी. स्टेनला हे जग माहीत होतं. त्यानं तिथल्या हौशी नाटकमंडळ्यांची चित्रंही काढली आहेत.

सत्तावीस वर्षं मी वर्गात ‘आत्मचित्र’ एवढंच सांगत आलो. सोंगाड्या म्हटलं असतं तर पोरांना एका क्षणात कळलं असतं.


सांजवेळ

मला उपदेश वगैरे कळत नाही. मला राइक्सम्युझियममधलं स्टेनचं संत निकोलासच्या सणाचं चित्र आठवतं. उट्रेख्टला होतो तेव्हा मुलीला घेऊन बघितलं होतं. ५ डिसेंबरची रात्र होऊन गेलीय. छोटीला बाहुली आणि खाऊची बादली मिळालीय, ती आईलाही हात लावू देत नाही. आणि मोठा मुलगा रडतोय, कारण त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघाली. एक भाऊ त्याच्याकडे बोट दाखवून हसतोय.

माझी मुलगी तेव्हा सहाची. तीही शाळेत बूट ठेवून आली होती. चित्रासमोर तिचा चेहरा पडला. म्हणाली, त्याला कोणीच काही देणार नाही का?

मग मी तिला मागे दाखवलं. पडद्यापाशी आजी उभी आहे आणि बोटानं त्याला बोलावतेय. ये इकडे. तिच्याकडे नक्की काहीतरी लपवलेलं आहे. मुलीनं एवढा मोठा सुस्कारा सोडला!

कुंचलाकाका, त्या टोपलीत छडी आणि कुबडी असेल. पण या चित्रात छडीच्या मागे आजी पण आहे.


केतकी

सांजवेळ 💛

त्या चित्राबद्दल एक: छोटीच्या हातातली बाहुली संताची आहे. स्टेन कॅथलिक होता, आणि प्रोटेस्टंट कारभाऱ्यांना संत निकोलासचा हा सण आणि संतांच्या बाहुल्या खपत नसत. म्हणजे नुसता पोराबाळांचा गोंधळ दिसतो तिथेही घट्ट धरलेलं काहीतरी आहे. आईलाही हात लावू देत नाही म्हणता ना, तेच.


अनवट

उशिरा आलो. सगळा धागा वाचून काढला. मूळ म्हणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

डचमध्ये ती अशी: ‘सो दे आउडन सोंगन, सो पाइपन दे योंगन’. यातल्या ‘पाइपन’मध्ये खरी गंमत आहे. त्याचा अर्थ बासरी, पिपाणी वाजवणं. स्टेननं त्यात चिलीम ओढणंही ओवलं. म्हणून चित्रात एक जण वाद्य फुंकतो आणि पोरगं चिलीम. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांना इथे तळटीप द्यावी लागते. आपल्याला गरज नाही. वाद्यही फुंकतात आणि विडीही फुंकतात.

थोरले जसे गातील, तसे धाकटे फुंकतील.


तात्या_सोलापूर

अनवट, दंडवत!! तळटीप नकोच.


हार्लेमवासी

वा! हे उद्या ऑफिसातल्या डच मंडळींना समजावून सांगणार.


विदर्भवीर

माझी आजी ‘खाण तशी माती’ म्हणायची, पण त्यात दोष खाणीवर जातो. यात गाणं आहे, म्हणून गोड वाटतं.


दर्यावर्दी

विदर्भवीर, बारकावा पटला. ‘खाण तशी माती’ निकाल देऊन मोकळी होते. इथे अजून गाणं चालू आहे, सूर बदलता येईल.


कालवाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस रोज रात्री आईला धागा वाचून दाखवतेय. चहाबाजांच्या जिन्यावर ती खूप हसली, आणि सांजवेळच्या आजीपाशी आम्ही दोघी थांबलो.

आज पुन्हा गेलो होतो. आधी केतकीनं सांगितलेलं लायस्टरचं शिवणारी बाई असलेलं चित्र शोधलं. हाताएवढं चित्र. आई वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "टाका चुकू देत नाहीये बघ." एवढंच.

मग स्टेनपाशी गेलो. या वेळी बाकावर जागा मिळाली. मी तिला विचारलं, त्या दिवशी एका नजरेत बारसं म्हणालीस ते कशावरून? टोपीचं तर तुला माहीत नव्हतं.

आईनं म्हातारीकडे बोट दाखवलं. "तिच्या हातातला कागद. काय लिहिलंय त्यावर?"

कागदावरची अक्षरं खरोखर वाचता येतात, हे मला आजच कळलं. डच जुनी आहे, पण लागते. वर लिहिलंय ‘गाणं’. खाली: जसं आधी गाइलं जातं तसंच मागून वाजतं, हे तर कधीपासून ठाऊक आहे. मी पुढे गाते, तुम्ही मागे या, एक वर्षाच्यापासून शंभर वर्षांच्यापर्यंत.

मी हे मराठीत सांगितलं तशी आई म्हणाली, "पाळणाच की मग. बारशाला एक म्हातारी पुढे म्हणते आणि बाकीच्या मागे. तुझ्या बारशाला माझ्या सासूबाई अशाच कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणत होत्या. पाठ असायचा त्यांना, तरी कागद लागायचा."

चित्रातली म्हातारीही कागद तसाच लांब धरून बसलीय. चष्मा नाकावर.

मग आईनं हळूच, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, पाळण्याची पहिली ओळ म्हटली. मला दुसरी आठवेना. तिनं ती पण म्हटली, आणि मग माझ्याकडे बघत थांबली.


चहाबाज

आईंना नमस्कार सांगा. आणि पूर्ण पाळणा लिहून घ्या त्यांच्याकडून, त्या परत जायच्या आत.


कालवाकाठची

सहा कडवी झाली आहेत. सातव्यासाठी सातारच्या मावशीला फोन करून विचारावं लागणार आहे.